शाळूच्या मुळाशी कोण राहतं

शेतातल्या मातीत नवीन जिवाणू सापडला, अशी बातमी पेपरात येते तेव्हा ती साधारण चार ओळींची असते. अमुक विद्यापीठ, तमुक प्राध्यापक, शेतकऱ्यांना फायदा होणार, झालं. वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी माती उकरली आणि आतून एक अनोळखी जीव निघाला. मी या कामात बरीच वर्षं आहे आणि ती बातमी वाचली की दरवेळी सांगावंसं वाटतं की अहो, सापडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, हजारो जातींचे, आणि त्यातल्या बहुतेकांना अजून नावच नाही. तुमच्या शेतातलं ढेकूळ पाण्यात कालवून त्यातला थेंबभर प्लेटवर पसरलात तर अनोळखी काहीतरी उगवण्याची शक्यता चांगली मोठी आहे. कस लागतो तो पुढे, म्हणजे हा आधी कुणीच नोंदवलेला नाही असं छातीठोकपणे सांगायचं असेल तर आधी नोंदवलेले सगळे माहीत हवेत, त्यांच्याशी एकेक करून जुळवून बघायला हवं आणि मग जगात कुणालाही उद्या तपासावंसं वाटलं तर तपासता येईल असा तो कुठेतरी जिवंत ठेवायला हवा. यातलं शेवटचं काम कुणाच्या बातमीत येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

मी काम करते ते अ‍ॅझोस्पिरिलमवर. शेतकऱ्यांना हे नाव नवीन नाही, ज्वारी, बाजरी, मका, भात असल्या पिकांच्या बियाण्याला चोळायला जिवाणू खताचं जे पाकीट मिळतं त्यात बऱ्याचदा हाच असतो. हरभऱ्या-तुरीच्या मुळांवर रायझोबियम जशा गाठी करतं तशा हा करत नाही, मुळांच्या अवतीभवती, मुळांच्या पृष्ठभागावर आणि कधी कधी थोडा आतही राहतो, हवेतला नत्र थोडाफार पकडतो आणि ऑक्सिनसारखी संप्रेरकं सोडतो त्यामुळे मुळांना केस जास्त फुटतात. खरं तर पिकाला होणाऱ्या फायद्यात नत्रापेक्षा या मुळांच्या वाढीचा वाटा मोठा असावा असं आता बरेच लोक मानतात.

हा पहिल्यांदा नोंदवला नेदरलँड्सच्या मार्टिनस बायरिंकने, १९२५ मध्ये, स्पिरिलम लिपोफेरम या नावाने. बायरिंक म्हणजे मातीतल्या जिवाणूंवर काम करणाऱ्या प्रत्येकाचा पूर्वजच म्हणायला हवा, शेंगवर्गीय पिकांच्या गाठीतला जिवाणू १८८८ मध्ये पहिल्यांदा वेगळा करून वाढवला तो यानेच आणि १९०१ मधलं अ‍ॅझोटोबॅक्टरसुद्धा याचंच. पण स्पिरिलम लिपोफेरमकडे पुढची जवळजवळ पन्नास वर्षं कुणी फारसं वळून बघितलं नाही. बघितलं ते योहाना डोबराइनर यांनी, ब्राझीलमध्ये. १९२४ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात जन्मलेली ही बाई युद्धानंतर जर्मनीतून ब्राझीलला गेली आणि रिओ दि जानेरोजवळच्या सेरोपेदिकातल्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात तिने आयुष्य घालवलं. गवत, ऊस, मका यांच्या मुळाशी नत्र पकडणारे जिवाणू आहेत का, हा तिचा प्रश्न होता. त्या काळात बऱ्याच जणांना तो प्रश्न विचारण्यात फार अर्थ आहे असं वाटत नव्हतं.

तिच्या लॅबमधून जिवाणू वाढवायचं जे माध्यम आलं त्याबद्दल मला जरा निवांत लिहायचंय, कारण मी ते अजूनही वापरते आणि दरवेळी तितकाच आनंद होतो. काचेच्या छोट्या बाटलीत पातळ खिरीइतपत घट्ट होईल एवढंच अगार घालायचं, मॅलिक आम्ल हे खाद्य, थोडे क्षार, आणि ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचा रंग. नत्र अजिबात घालायचा नाही. म्हणजे ज्याला हवेतून नत्र घेता येतो तोच इथे टिकणार. माध्यम सुरुवातीला पिवळसर हिरवं असतं. त्यात मुळीचा बारीक तुकडा किंवा मुळालगतच्या मातीचं पाणी टाकायचं, बाटली इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि हलवायची नाही, हे महत्त्वाचं, अजिबात हलवायची नाही. दोन-तीन दिवसांनी बाटली उजेडासमोर धरली की वरच्या पृष्ठभागाच्या काही मिलिमीटर खाली एक पांढरा पडदा दिसतो, कापसाच्या तंतूंची विणलेली चकती असावी तसा, नाजूक आणि आडवा. तो पृष्ठभागावर नसतो आणि तळाशीही नसतो. कारण नत्र पकडणारं जे एन्झाइम आहे, नायट्रोजिनेज, ते ऑक्सिजन लागला की बिघडतं, आणि या जिवाणूला श्वासाला तर ऑक्सिजन हवाच. मग तो पोहत पोहत नेमका त्या थरात जाऊन थांबतो जिथे वरून येणारा ऑक्सिजन आणि आपण वापरतोय तो ऑक्सिजन यांचा मेळ बसतो. पुढे वाढ वाढली, सगळ्यांचा मिळून श्वास वाढला की पडदा हळूहळू वर सरकतो आणि मॅलिक आम्ल संपत जाईल तसं माध्यम निळं होत जातं. डोळा नाही, मेंदू नाही, एका पेशीचा जीव, आणि त्याने एवढ्या अचूकपणे आपली जागा शोधलेली असते.

तिथून काँगो रेड हा रंग घातलेल्या प्लेटवर न्यायचं. अ‍ॅझोस्पिरिलमच्या कॉलनी तिथे लालभडक होतात, कोरड्या, सुरकुतलेल्या. लेन्सखाली धरून बघितलं तर कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. मायक्रोस्कोपखाली जाडसर, किंचित वाकडी पेशी, आत चकाकणारे थेंब, साठवलेल्या पॉलिमरचे, आणि एका टोकाला शेपटी लावून गर्रकन फिरणारी. घट्ट माध्यमावर वाढवली की हीच पेशी बाजूनेही शेपट्या काढते, पृष्ठभागावरून सरकायला.

आता इतकं बघून झाल्यावर कुणीही म्हणेल की ओळख पटली. वंशापुरती, म्हणजे जातींच्या मोठ्या घराण्यापुरती पटली, हो. पण वंशाच्या आत कोण? इथून पुढे डोळ्यांचा उपयोग संपतो.

डोबराइनर यांच्याकडे ठिकठिकाणांहून हे स्ट्रेन, म्हणजे वेगळे काढून वाढवलेले एकेक वाण, जमायला लागले तेव्हाच लक्षात आलं की हे सगळे एक नसावेत. काहींना बायोटिन हे जीवनसत्त्व दिल्याशिवाय वाढ होत नाही, काही बायोटिनविना मजेत वाढतात, काही ग्लुकोजवर आम्ल करतात, काही ग्लुकोजकडे बघतही नाहीत. १९७८ मध्ये टॅरंड, क्रीग आणि डोबराइनर या तिघांनी या सगळ्यांचे डीएनए आपसात जुळवून बघितले आणि सरळ दोन गट पडले. त्यांनी अ‍ॅझोस्पिरिलम हा नवा वंश केला, जुन्या लिपोफेरमला त्यात आणलं आणि दुसऱ्या गटाला अ‍ॅझोस्पिरिलम ब्राझिलेन्स असं नाव दिलं. त्याचा प्रमाण स्ट्रेन, म्हणजे ज्याच्याशी ताडून ती जात ठरते तो, एसपी ७, डिजिटारिया नावाच्या चाऱ्याच्या गवताच्या मुळाशी मिळालेला.

डीएनए जुळवणं म्हणजे तेव्हा काय होतं हे आत्ताच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. दोन जिवाणूंचा डीएनए काढायचा, तापवून त्याच्या जोडपट्ट्या सुट्या करायच्या, एकत्र करून पुन्हा थंड करायचं आणि परक्या पट्टीशी किती जोडी जमते ते मोजायचं. १९८७ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ठरवलं की साधारण ७० टक्के किंवा जास्त जमली तर एकच जात. पण प्रत्येक जोडी वेगळी करावी लागायची, एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून बघणं अवघड, आणि नवीन कुणी आला की त्याच्या सगळ्या नातेवाइकांना परत लॅबमध्ये बोलवा. दरम्यान कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांच्या १९७७ च्या कामातून पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या राइबोसोमच्या आरएनएवरून नाती लावायची वाट उघडली. १६एस हा जीन प्रत्येक जिवाणूत असतो, साधारण दीड हजार अक्षरांचा, आणि अतिशय सावकाश बदलतो. तो वाचायचा, कॉम्प्युटरवर जगभरच्या यादीशी लावायचा, टक्का बघायचा. आधी ९७ टक्क्यांच्या खाली असेल तर नक्की वेगळी जात असं धरायचे, पुढे अनुभवाने ती रेघ ९८.७ च्या आसपास वर नेली. हे इतकं सोपं आणि स्वस्त झालं की एम.एस्सी.ची मुलंसुद्धा आता पहिला प्रश्न विचारतात, मॅडम, किती टक्के आलं?

आणि इथेच अ‍ॅझोस्पिरिलम माणसाला जमिनीवर आणतं. यात वेगवेगळ्या जातींचे १६एस एकमेकांशी ९९ टक्क्यांच्या वर जुळू शकतात. म्हणजे टक्का भरपूर आला तरी जात एकच आहे असं म्हणता येत नाही. कमी आला तर वेगळेपण सांगता येतं, जास्त आला तर काहीच सांगता येत नाही, ही गोष्ट मी वर्गात इतक्या वेळा सांगते तरी पुन्हा सांगावी लागते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे एसपी २४५. ब्राझीलमध्ये गव्हाची मुळं बाहेरून निर्जंतुक करून आतून काढलेला हा स्ट्रेन, व्हेरा बाल्डानी आणि सहकाऱ्यांच्या कामातला. १९८० च्या दशकापासून जगभरच्या लॅबमध्ये हा गेला, ऑक्सिनवरचं, मुळांना चिकटण्यावरचं कितीतरी काम याच्यावर झालं, २०११ मध्ये याचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए वाचून, प्रसिद्ध झाला, आणि सगळीकडे लेबल एकच, अ‍ॅझोस्पिरिलम ब्राझिलेन्स. मग २०२० मध्ये त्याचा पूर्ण जीनोम प्रमाण स्ट्रेन एसपी ७ च्या जीनोमशी नीट लावून बघितला गेला. आता डीएनए तापवून गार करायची गरज नाही, दोन्ही जीनोम तुकड्या-तुकड्याने कॉम्प्युटरवर जुळवतात आणि सरासरी साम्य काढतात, एएनआय म्हणतात त्याला, आणि ९५-९६ टक्के ही जातीची सीमा मानतात. एसपी २४५ त्या सीमेच्या खाली निघाला. इतकी वर्षं ज्याला ब्राझिलेन्स म्हणून अभ्यासलं तो ब्राझिलेन्स नव्हताच. त्याला नवीन नाव मिळालं अ‍ॅझोस्पिरिलम बाल्डानिओरम, व्हेरा आणि जुझे इवो या बाल्डानी दांपत्याच्या सन्मानार्थ.

मला यात सगळ्यात जास्त काय भावतं सांगू? हे तपासता आलं कारण दोन्ही स्ट्रेन जिवंत होते. नुसते पेपर राहिले असते, नुसतं वर्णन राहिलं असतं तर आपण कायमचे ब्राझिलेन्स म्हणत बसलो असतो. इतकी वर्षं कुणीतरी फ्रीझर चालू ठेवला, सुकवलेल्या कल्चरच्या काचेच्या नळ्या सांभाळल्या, नंबर पुसू दिले नाहीत.

म्हणूनच नामकरणाच्या नियमात आज ते सक्तीचं आहे. नवीन जातीचं नाव ग्राह्य धरायचं तर प्रमाण स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक संग्रहांत जमा हवा आणि तो मागेल त्याला मिळायला हवा. आपल्या पुण्यातही असा मोठा राष्ट्रीय संग्रह आहे, पूर्वी मायक्रोबियल कल्चर कलेक्शन म्हणायचे, आता नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स. तिथे कल्चर देताना ते शुद्ध आहे का, तुम्ही म्हणताय तेच आहे का हे ते स्वतः तपासतात, मगच प्रमाणपत्र. परदेशात पाठवायचं तर जैवविविधता कायद्याची कागदपत्रं वेगळी. यात महिने जातात. विद्यार्थी वैतागतात, फेलोशिप संपत आलेली असते, मला त्यांचं दुःख कळतं, पण या कामात सूट नको असं मी ठामपणे म्हणते.

माझे स्वतःचे बरेचसे स्ट्रेन मंगळवेढ्याकडचे. तिथली काळी जमीन, खोल, परतीच्या पावसाचं पाणी धरून ठेवणारी, आणि त्या ओलीवर थंडीत उभा राहणारा मालदांडी शाळू. नंतर पाऊस जवळपास नाहीच, जानेवारीत भेगा पडतात तरी कणसं भरतात. अशा जमिनीत मुळाशी कोण राहतं हे बघायचं म्हणून वाफसा असताना मामांच्या रानात ताटं उपटली, मुळं हलकेच झटकली, सुटून पडते ती माती सोडून द्यायची आणि मुळ्यांना धरून राहते तेवढीच घ्यायची. मामा बांधावर उभे होते. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "काय गं, हितल्या मुळाला ते जिवाणू आधीच हाईत म्हणतीस, मग मी दरसाल पाकीट कशाला आणतुय?"

हा प्रश्न मला कुठल्याही सेमिनारमध्ये कुणी इतका नेमका विचारला नाही. बियाण्याला चोळलेला जिवाणू मातीत पडला की तिथे आधीपासून राहणाऱ्यांशी त्याला झगडावं लागतं, बऱ्याचदा काही आठवड्यांत त्याची संख्या उतरते. महिन्याभराने त्याच मुळावरून अ‍ॅझोस्पिरिलम काढला आणि बाटलीत छान पांढरा पडदा आला, तर तो पाकिटातला की रानातला? पडदा बघून सांगता येत नाही, लाल कॉलनी बघून नाही, १६एस वाचूनही नाही. जीनोमपर्यंत, स्ट्रेनपर्यंत गेल्याशिवाय मामांना उत्तर देता येत नाही. वर्गीकरण हा विद्यापीठातल्या लोकांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या प्रश्नाचं उत्तर वर्गीकरणाशिवाय देऊन दाखवावं.

त्या मुळांवरच्या मातीतून जे मिळाले त्यातले बहुतेक ओळखीच्या जातींत बसले. एक मात्र अडून राहिला. १६एसने नेहमीप्रमाणे चार-पाच जातींकडे बोट दाखवलं. फॅटी आम्लं केली, क्विनोन हे पेशीच्या श्वसनात लागणारं द्रव्य बघितलं, ते क्यू-१० निघालं, जसं या वंशात असतं तसंच, साखरांच्या चाचण्यांत दोन-तीन फरक निघाले. जीनोम केला. सगळ्यात जवळच्या जातीशी एएनआय बरोबर त्या ९५-९६ च्या पट्ट्यात येऊन बसला, ना आत ना बाहेर. मला ओळखणारे दोघं-तिघं म्हणाले की लिहून टाक नवीन जात म्हणून, रिव्ह्यूअर मान्य करतील. करतीलही. जगात रोज अशा कितीतरी जाती एकेका स्ट्रेनवरून जाहीर होतात.

पण एका स्ट्रेनवरून जात ठरवणं मला पटत नाही. एका माणसाला भेटून गावाचा स्वभाव सांगण्यासारखं आहे ते. यातले फरक जातीचे आहेत की या एकट्याचे, हे त्याचे भाऊबंद मिळाल्याशिवाय कसं कळणार? ९५-९६ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, हजारो जीनोमची तुलना केल्यावर मध्ये जिथे मोकळी जागा दिसली तिथे माणसांनी ओढलेली रेघ आहे ती. आणि त्या मोकळ्या जागेत उभा असलेला जीव हाती आला तर घाईने त्याला इकडे किंवा तिकडे ढकलण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला कोण कोण आहे ते शोधावं. म्हणून मंगळवेढ्याच्या आसपासच्या गावांतून, सांगोल्याकडून, पार विजापूरच्या बाजूच्या काळ्या रानांतूनही मुळं गोळा करणं चालू आहे. तोवर त्याला नाव नाही, फक्त नंबर आहे, आणि तो पुण्याच्या संग्रहात आधीच जमा करून ठेवलाय, कारण माझा फ्रीझर एखाद्या उन्हाळ्यात लाइट गेल्यावर बंद पडू शकतो.

आता पाकिटाकडे येते. आपल्याकडे जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशात येतात आणि त्यात अ‍ॅझोस्पिरिलमसाठी अटी दिल्यात, भुकटीच्या खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी, द्रवरूप असेल तर दर मिलिलिटरला १० कोटी. आणि कार्यक्षमतेची कसोटी म्हणून काय लिहिलंय माहितीये? नत्र नसलेल्या, ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेल्या, अर्धघट्ट माध्यमात पांढरा पडदा तयार झाला पाहिजे. डोबराइनर यांच्या लॅबमधली बाटली थेट भारत सरकारच्या नियमात आहे! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनापासून आनंद झाला होता. पण ती कसोटी फार तर वंश सांगते. पडदा एसपी ७ ही करतो, एसपी २४५ ही करतो, माझा बिननावाचाही करतो, आणि पिकाच्या मुळाशी गेल्यावर हे तिघं सारखं वागतील असं धरून चालायला काहीही आधार नाही.

ब्राझीलमध्ये खतात कुठला स्ट्रेन घालायचा हे सरकार ठरवून देतं. मका आणि गव्हासाठी तिथे एबी-व्ही ५ आणि एबी-व्ही ६ हे दोन स्ट्रेन वापरतात, मारिआंजेला हुंग्रिया यांच्या कामातून पुढे आलेले, याच बाईंना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथला शेतकरी दुकानात त्या नंबरांनी माल मागू शकतो. मी आपल्याकडची जी पाकिटं बघितली त्यातल्या बऱ्याच पाकिटांवर पिकांची नावं होती, वापराची मुदत होती, पेशींचा आकडा होता, नुसतं अ‍ॅझोस्पिरिलम असंही होतं. स्ट्रेन कुठला, तो कुठल्या संग्रहात आहे आणि तिथला त्याचा नंबर काय, एवढी एक ओळ त्यात वाढवायला शाईसुद्धा फारशी लागणार नाही. ती ओळ असली तर माझ्यासारखी कुणीही तो स्ट्रेन संग्रहातून मागवून पाकिटातल्याशी ताडून बघू शकते, मामांच्या शाळूच्या मुळावर महिन्याने तो आहे की नाही ते सांगू शकते, आणि नसेल तर पुढच्या वर्षी पाकीट न आणता मंगळवेढ्याच्या मातीतलाच एखादा वाढवून चोळावा का, हा हिशोब करता येतो. मामांना मी तेवढंच सांगितलंय, यंदा पेरणीआधी पाकीट घ्याल तेव्हा दुकानदाराला स्ट्रेनचा नंबर विचारा, आणि त्याला ठाऊक नसेल तर पाकिटावरचा फोन लावून कंपनीला विचारा.